आपण गांवाला निघालों, आणि कुत्रा?

सुट्टी जवळ आली कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. तिकिटें निघतात, वळकट्यांची जागा घेतलेल्या चाकांच्या पेट्या माळ्यावरून खालीं येतात, चकल्या-लाडवांचे डबे भरले जातात, देवपूजा कोणी करावयाची हें ठरतें, तुळशीला पाणी घालण्यासाठीं किल्ली शेजारीं जाते; आणि सर्व कांहीं बिनबोभाट जुळलें असें वाटत असतां एखादा नातू विचारतो, "आणि मोत्या?" ह्या दोन शब्दांनीं भलेभले बेत मोडलेले मीं पाहिले आहेत. आमच्याच घरांत एका कुत्र्यापायीं एक तीर्थयात्रा सव्वापांच वर्षें अर्धी पडून राहिली होती. तिची हकीकत सांगावी, आणि त्या निमित्तानें जें कांहीं शिकावें लागलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

माझें बालपण पुण्याच्या एका वाड्यांत गेलें. त्या काळीं हा प्रश्न कोणाला पडत नसे. वाड्याला कुलूप असें कधीं लागलेंच नाहीं. चौकांत एक पिवळट रंगाचा कुत्रा असे. तो कोणा एकाचा नव्हता, म्हणून सर्वांचा होता. आम्ही पंढरपुरास गेलों कीं आमच्या थोरल्या आत्याबाई घरीं राहत. कोंकणांत लग्नाला गेलों तरी आत्याबाई घरींच. त्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकीत, मांजराला दूध ठेवीत, गाईला घांस देत. कुत्र्यामांजरांचा प्रश्न सुटलेला होता. पण तो कोणाच्या जिवावर सुटलेला होता, हें कोणी विचारलें नाहीं. मीहि नाहीं. आत्याबाई गेल्या त्या आयुष्यांत एकदांहि पंढरपूर न पाहतां गेल्या.

मोत्या आमच्याकडे आला तो २०१४ च्या पावसाळ्यांत. थोरला नातू तेव्हां सात वर्षांचा होता. इमारतीच्या जिन्याखालीं भिजत पडलेलें गांवठी पिलूं त्यानें आपल्या दप्तराच्या पिशवींत घालून वर आणलें. मीं विरोध केला, हें कबूल करतों. घरांत रोजची पूजा, चातुर्मास, माझें संध्येचें पळीपंचपात्र. त्यांत कुत्रें कोठें ठेवावयाचें? परंतु आमच्या घरांतून निकाल झाला: "राहूं दे हो. एक पोळी जास्त लाटीन." पुढें एकदां अमरकोश चाळतांना कुत्र्याच्या नांवांत 'कौलेयक' हा शब्द दिसला आणि मी थबकलों. पाणिनीनें 'कुल' शब्दाला एक विशिष्ट प्रत्यय लावून हा शब्द सिद्ध केला आहे, आणि तो कुत्रा ह्या अर्थींच. त्याच सूत्रांत 'कुक्षि' शब्दापासून तलवार आणि 'ग्रीवा' शब्दापासून गळ्यांतला अलंकार सांगितला आहे. म्हणजे व्याकरणकारांच्या लेखीं कुत्रा हा कुळांतलाच एक. मुलांना शब्दसिद्धि शिकविण्यांत उभा जन्म गेला, पण ह्या एका शब्दाचा अर्थ मला कळावयाला जिन्याखालचें पिलूं घरांत यावें लागलें.

आतां मूळ गोष्ट. २०१८ सालीं दिवाळीच्या सुट्टींत आम्ही सर्व जण काशीस जावयाचें ठरविलें. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडें आणि आम्ही दोघें. मोत्याला बारा दिवस कोठें ठेवावें, ह्याचा शोध धाकट्या चिरंजीवांनीं फोनवर घेतला. शहराबाहेर, हमरस्त्यालगत, कुत्र्यांचें एक वसतिगृह होतें. चित्रांत हिरवळ दिसत होती, दर इतरांपेक्षां कमी होता, आणि त्यांचीच गाडी येऊन कुत्र्याला घेऊन जाणार होती. ही सोय आम्हांला फार आवडली. ती सोय नव्हती. आपण ती जागा डोळ्यांनीं पाहूं नये अशी ती व्यवस्था होती, हें मागाहून उमगलें. रोज एक छायाचित्र येई आणि काशीच्या घाटावर बसून आम्ही तें कौतुकानें पाहत असूं. परत आल्यावर मीं तीं चित्रें एकाखालीं एक लावून पाहिलीं. तिसऱ्या दिवशींचें व सातव्या दिवशींचें चित्र एकच होतें. भांडें त्याच जागीं, सांवली त्याच कोनांत. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवरून दुसऱ्यानें उतरवून काढलें कीं मला लगेच कळत असे. येथें मात्र मी फसलों.

मोत्या अठरा किलोंचा गेला होता, तो पंधरा किलोंचा परत आला. घशांत कांहीं अडकावें तसा कोरडा, ढांसणारा खोकला चालू होता. पुढल्या पायांचीं नखें मुळापर्यंत झिजून रक्ताळलीं होतीं. लोखंडी दार खरवडल्याच्या त्या खुणा. दिवाळीचे फटाके वाजत असतां तो त्या दाराशीं काय करीत असेल, ह्याची कल्पना मला अजूनहि करवत नाहीं. पशुवैद्यांनीं तपासून सांगितलें, कीं बरीच कुत्रीं कोंडून ठेवलेल्या जागीं पसरणारा हा सांथीचा खोकला असून तो छातींत उतरूं लागला आहे. मग त्यांनीं मलाच विचारलें, "लसी कोणकोणत्या दिल्या होत्या?" रेबीजची लस आम्ही दर वर्षी न चुकतां देत होतों, बाकीच्या लसी पिलूपणानंतर राहूनच गेल्या होत्या. त्या वसतिगृहानें लसीचें पुस्तक मागितलें नाहीं हा त्याचा दोष. पण दाखवावयास आमच्यापाशीं पूर्ण पुस्तक नव्हतें, हा आमचा. तीन आठवडे औषधपाणी चाललें. रात्रीं दोन-दोन वाजतां आमच्या घरांतून उठून त्याच्या छातीला शेक देत.

काशीहून येतांना त्यांनीं गंगेच्या पाण्याचा तांब्याचा गडू मोहोरबंद करून आणला होता. काशीची गंगा रामेश्वरास वाहावी, आणि तेथील वाळू परत प्रयागास नेऊन सोडावी, तेव्हां ती यात्रा पुरी होते, ही आपल्याकडील जुनी समजूत वाचकांस ठाऊक आहेच. तो गडू त्यांनीं देवघरांत ठेवला आणि म्हणाल्या, "हा जाईल तेव्हां जाईल. मी आतां मोत्याला सोडून कोठें जावयाची नाहीं."

आणि त्या खरोखरच गेल्या नाहींत. सांगलीस सख्ख्या भाच्याचें लग्न झालें; घरचीं सगळीं गेलों, त्या राहिल्या. २०२० सालीं करोनाच्या सांथीनें सर्वांनाच घरीं बसविलें; मोत्याच्या आयुष्यांतलें तें सर्वांत सुखाचें वर्ष असावें. पुढें वाट मोकळी झाली, मुलें महाबळेश्वरास जाऊन आलीं, कोंकणांत गेलीं; ह्या घरीं. कोणी आग्रह केला तर म्हणत, "माझें काय अडलें आहे?" २०२३ च्या मे महिन्यांत सर्व मंडळी निघत असतां दारांत उभ्या राहून त्या हात हालवीत होत्या, पायाशीं मोत्या बसला होता, आणि एकाएकीं मला तेथें आत्याबाई दिसल्या. मी गाडींत बसलों खरा, पण त्या सहलींत माझें मन लागलें नाहीं.

परत आल्यावर मीं हा विषय विद्यार्थ्यासारखा अभ्यासावयास घेतला.

पहिली सूचना थोरल्या चिरंजीवांची: कुत्र्याला बरोबर न्यावें. आगगाडीचे नियम विचारले. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यांत दोन किंवा चार शायिकांची संपूर्ण खोली आपल्या नांवें घेतली, तर कुत्रा आपल्याजवळ ठेवतां येतो; बाकी वर्गांत नाहीं. नाहींतर गार्डाच्या डब्यांतील पेटींत त्याला कोंडून पाठवावें लागतें, वजनावर भाडें पडतें, आणि अन्नपाण्याची जबाबदारी मालकाचीच राहते. गाडी थांबली कीं फलाटावरून धांवत जाऊन त्याला पाणी पाजावयाचें, हें माझ्या गुडघ्यांना झेपणारें नव्हतें. शिवाय देवदर्शनाच्या रांगेंत कुत्र्याला कोणी धरून उभें राहावयाचें, हा प्रश्न उरतोच. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. घामाच्या ग्रंथि मुख्यतः त्याच्या पंजांना असतात, आणि अंगांतील उष्णता तो धापा टाकूनच बाहेर टाकतो. म्हणून बंद मोटारींत किंवा तापलेल्या डब्यांत त्याचा जीव फार लवकर घाबरा होतो; पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर फारच लवकर. ज्या घरच्यांनीं असा कुत्रा हौसेनें पाळला आहे, त्यांनीं मे महिन्याचा प्रवास त्याला घडवूंच नये.

दुसरी सूचना एका परिचित गृहस्थांची. "पांजरपोळांत द्या पाठवून" म्हणाले. मुंबईची पांजरपोळ १८३४ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या मागें १८३२ सालीं बेवारशी कुत्र्यांच्या कत्तलीवरून उसळलेला दंगा होता, हा इतिहास मनोरंजक आहे. परंतु ज्यांना कोणी नाहीं अशा जनावरांसाठीं निघालेल्या संस्थेंत आपला धडधाकट कुत्रा पंधरा दिवसांच्या सोयीसाठीं नेऊन टाकणें, हें मला तरी शोभलें नसतें. ह्याहून वाईट गोष्ट म्हणजे सुट्टीच्या सुमारास कुत्र्याला गांवाबाहेर सोडून येणें. असे लोक आहेत, आणि तेहि सुशिक्षितांत आहेत. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा कायदा अशा सोडून देण्याला अपराध म्हणतो. पण त्यांत पहिल्या अपराधास लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा आहे. महाभारताच्या आरंभींच, कांहीं अपराध नसतां पिटलेल्या आपल्या पिलासाठीं सरमा जनमेजयाला शाप देते. कायद्यापेक्षां तो शाप अधिक धाक घालणारा आहे.

मग मीं वसतिगृहें पाहावयास सुरुवात केली. शाळाखात्याच्या तपासणीचे पुष्कळ प्रसंग मीं अनुभवलेले आहेत. साहेब येणार असें आधीं कळलें, कीं भिंतींना चुना लागतो, नकाशे टांगले जातात आणि मुलांना उत्तरें पढविलीं जातात. म्हणून आगाऊ न कळवितां गेलों. पहिल्या ठिकाणीं दारावरूनच परत पाठविलें: परकें माणूस आलें कीं कुत्रे बिथरतात, असें कारण सांगितलें. कारण अगदींच खोटें नव्हे, आणि पाहुण्यांसाठीं वेळ ठरवून देणें रास्तहि आहे. पण कुत्रे रात्रीं कोठें निजतात तें कधींच दाखविणार नाहीं, असें जो म्हणतो त्याच्याकडे पुन्हां जाऊं नये. दुसरें स्थान मोठें झोकदार होतें. गुळगुळीत फरशी, थंड हवेचीं यंत्रें, कुत्र्यांना डुंबावयास हौद. मीं एकच प्रश्न केला, "रात्रीं येथें कोण असतें?" फाटकावर रखवालदार असतो, असें उत्तर मिळालें. रात्रीं एखाद्याला आंचके आले किंवा पोट फुगलें, तर फाटकावरच्या माणसाला तें कसें कळावें? आणि दोन प्रहरीं तेथें फिनेलाचा वास इतका दरवळत होता, कीं मला शंकाच आली. उग्र वास म्हणजे स्वच्छता, अशी आपली एक समजूत आहे. पार्व्हो नांवाचा जो भयंकर हगवणीचा रोग पिलांना मारतो, त्याचें विष जमिनींत महिनेच्या महिने टिकतें आणि नुसत्या फिनेलानें मरत नाहीं. त्याला क्लोरीनचें द्रावण लागतें. वास नसलेली कोरडी फरशी आणि भरलेलें पाण्याचें भांडें, ह्यांवर माझा अधिक विश्वास बसतो.

एका पशुवैद्यांच्या दवाखान्यांतहि पिंजरे होते. ज्या कुत्र्याला रोज इंजेक्शन द्यावें लागतें, त्याला ती जागा उत्तम. परंतु शेजारच्या पिंजऱ्यांत आजारीच कुत्रे असावयाचे. निरोग्याला तेथें उगाच कां ठेवावें?

चौथें ठिकाण एका जोडप्यानें आपल्या शेतावर काढलेलें होतें. त्या दिवशीं तेथें नऊ कुत्रे होते. फाटक दुहेरी होतें: बाहेरचें लावल्यावांचून आंतलें उघडत नसे, म्हणजे कोणी दार उघडतांच पळून जाण्याची भीति नाहीं. माजावर आलेल्या कुत्रीसाठीं वेगळी खोली होती. आणि मीं प्रश्न विचारण्याआधीं त्या बाईंनींच मला विचारावयास सुरुवात केली. लसीचें पुस्तक आहे कां, शेवटची लस कधीं दिली, फटाक्यांना भितो कां, दुसऱ्या कुत्र्यांशीं पटतें कां, जेवतांना कोणी जवळ गेलेलें चालतें कां, पूर्वीं कोठें राहिला होता कां. मी तपासणीला गेलों होतों, आणि माझीच तपासणी झाली! तेव्हांच समजलों, कीं माणसें योग्य आहेत. जें वसतिगृह तुमच्या कुत्र्याची लस विचारीत नाहीं, तें शेजारच्या कुत्र्याचीहि विचारीत नसतें.

लसीविषयीं येथेंच सांगून टाकतों. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि उंदरांच्या मूत्रावाटें पसरणारा लेप्टो, ह्यांवरच्या लसी वेळच्या वेळीं दिलेल्या असाव्या. लेप्टोचें भय पावसाळ्यांत साचलेल्या पाण्यापाशीं अधिक. ज्या खोकल्यानें मोत्याला छळलें, त्याच्यावरहि लस आहे. मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीं देऊन उपयोग नाहीं. लस अंगीं लागावयास दोन-तीन आठवडे जातात, म्हणून तिकिटें काढावयाच्या दिवशींच पशुवैद्यांकडे जावें. गोचिडांचें औषधहि विसरूं नये. आपल्या हवेंत गोचिडांमुळें येणारा ताप पुष्कळ कुत्र्यांना होतो, आणि तो कुत्रा घरीं परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांनींहि उद्भवतो. तोंवर आपण प्रवास विसरलेले असतों आणि कारण ध्यानांत येत नाहीं.

त्या शेतावर मोत्याला एक रात्र ठेवून पाहिलें. रात्रीं नऊ वाजतां त्या गृहस्थांचा फोन आला. "मास्तर, हा दार दिसलें कीं थरथरतो. पाण्याला तोंड लावीत नाहीं. येऊन घेऊन जा." मीं पैसे देऊं केले, ते त्यांनीं घेतले नाहींत. तरुण आणि खेळकर कुत्र्याच्या मालकाला मी ती जागा निःशंकपणें सुचवितों. आणि सुचविलीहि आहे. पण मोत्या तेव्हां नऊ वर्षांचा होता, आणि त्याला पूर्वींचें सर्व आठवत होतें.

शेवटीं उपाय घरांतच सांपडला. आमच्याकडे बारा वर्षें पोळ्यांना येणाऱ्या एक बाई आहेत. मोत्या कोणत्या वेळीं काय करतो, हें आमच्या सुनांपेक्षां त्यांना जास्त माहीत. त्यांचा मुलगा महाविद्यालयांत शिकतो; त्यानें रात्रीं आमच्या घरीं निजावें, अभ्यास करावा, आणि बाईंनीं सकाळ-संध्याकाळ यावें, असें सुचलें. येथें एक गोष्ट स्पष्ट लिहितों, कारण आपल्या वर्गांत ती नेहमीं चुकते. आपण घरांतल्या बाईंना म्हणतों, "येतांजातां जरा कुत्र्यालाहि बघा हं," आणि परत आल्यावर हातावर पेढ्याचा पुडा ठेवतों. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं तसें होऊं दिलें नाहीं. वसतिगृहाचा दिवसाचा जो दर होता, तोच दर बाईंना ठरवून दिला, अर्धी रक्कम आधीं दिली, आणि मुलाच्या जेवणाची सोय वेगळी केली. बाई प्रथम संकोचल्या, मग म्हणाल्या, "आतां मला रजा मागायची सोय राहिली नाहीं!" हेंच तर पाहिजे होतें.

लागलीच रामेश्वर गांठलें नाहीं. आधीं एक रात्र आम्ही सर्वजण चिंचवडास व्याह्यांकडे जाऊन राहिलों. मग तीन रात्रीं अलिबागेस. ह्या दुसऱ्या परीक्षेंत एक चूक उघडकीस आली. शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण होता. त्यांनीं प्रेमानें मोत्याला प्रसादाचा शिरा वाढला, बेदाणे घातलेला. सुदैवानें त्याला कांहीं झालें नाहीं. पण पशुवैद्यांनीं सांगितलें तें ऐकून आम्ही हादरलों. द्राक्षें आणि बेदाणे कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें निकामी करतात. किती खाल्ले तर चालतात, असें प्रमाण सांगतां येत नाहीं. कांदा, लसूण आणि चॉकलेटहि त्यांना विषासमान. चातुर्मासांत आमच्या घरीं कांदा नसतो, म्हणून तेवढे चार महिने तरी मोत्या एका संकटांतून वांचत असला पाहिजे! आहार एकदम बदलूं नये, हेंहि कळलें. दूधपोळी-दहीभातावर वाढलेल्या कुत्र्याला वसतिगृहांत एकाएकीं कोंबडीचें मांस घातलें तर त्याचें पोट बिघडतें, आणि दोष मांसाचा नसून बदलाचा असतो. तेथें काय घालतात तें आठवडाभर आधीं थोडें थोडें घरीं सुरू करावें, किंवा घरचें अन्न बरोबर द्यावें.

त्यानंतर मीं एक पत्र लिहिलें. आयुष्यांत मुलांच्या पालकांना हजारों पत्रें लिहिलीं, पण इतक्या काळजीनें एकहि नाहीं. मोत्याच्या जेवणाच्या वेळा आणि मापें. संधिवाताची गोळी कोणती, ती गुळाच्या खड्यांत घातल्यास खातो. शिरा, लाडू, प्रसाद देऊं नये. गडगडाट झाल्यास स्नानगृहांत जाऊन बसतो, त्याला ओढून बाहेर काढूं नये. साखळीशिवाय जिना उतरूं देऊं नये. पशुवैद्यांचा पत्ता आणि रात्रीं उघडा असणारा दुसरा दवाखाना. आणि शेवटीं, आम्हांला विचारण्यास वेळ नसेल तर उपचार सुरू करावे, पैशांसाठीं थांबूं नये, असें माझ्या सहीनिशीं. पशुवैद्यांकडेहि एक प्रत दिली. हें शेवटचें कलम पुष्कळ लोक विसरतात, आणि मग मालक विमानांत असतां डॉक्टर परवानगीची वाट पाहत बसतात. पट्ट्याला फोनचा आंकडा कोरलेला बिल्ला लावला, कारण चुकलेलीं कुत्रीं पुष्कळदां मालक गांवाला गेल्यावरच चुकतात. त्यांना शोधावयास निघतात.

२०२४ च्या फेब्रुवारींत आम्ही निघालों. ह्या वेळीं पेट्या आदल्या रात्रींच खालीं नेऊन ठेवल्या होत्या, कारण पेटी दिसली कीं मोत्या तिच्यावर जाऊन बसतो. गळ्यांत पडणें, डोळे पुसणें, कांहींएक करावयाचें नाहीं, अशी मुलांना ताकीद होती. आमच्या घरांतून स्वतःचें एक न धुतलेलें जुनें लुगडें घडी करून त्याच्या जागेवर घातलें, गडू उराशीं धरला, आणि मागें न पाहतां जिना उतरल्या. मदुरेपर्यंत त्यांनीं फोन केला नाहीं. मदुरेस पोंचतांच केला, आणि पलीकडून तो मुलगा म्हणाला, "आजी, काल जेवला नाहीं. आज सकाळीं जेवला. आतां माझ्या भूगोलाच्या वहीवर झोपलाय." रामेश्वराच्या बेटाला जोडणारा १९१४ सालचा रेल्वेपूल तेव्हां बंद होता, म्हणून आम्ही मोटारीनें सडकेच्या पुलावरून गेलों. समुद्र दोन्ही बाजूंना निळा पसरलेला होता. बाविसांपैकीं एकूण एक तीर्थांच्या पाण्यानें त्यांनीं स्नान केलें. गंगेचा गडू गुरुजींच्या हातीं दिला तेव्हां मोहोर इतकी घट्ट बसलेली होती, कीं ती चाकूनें काढावी लागली.

दहाव्या दिवशीं पहाटे पुण्यास पोंचलों. दार उघडल्यावर मोत्या धांवत येईल अशी माझी अपेक्षा. तो उठला, अंग ताणलें, माझ्या धोतराचा वास घेतला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मग सावकाश चालत त्यांच्यापाशीं गेला आणि त्यांच्या पायांवर हनुवटी ठेवून बसला. वजन केलें, अर्धा किलो वाढलें होतें. बाईंनीं कबूल केलें, कीं पत्रांत लिहिल्यापेक्षां पोळी थोडी जास्त गेली.

रामेश्वराची वाळू एका पितळी डबींत देवघरांत ठेवलेली आहे. ती प्रयागास न्यावयाची आहे. मोत्या आतां म्हातारा झाला आहे आणि त्याला जिना चढवत नाहीं. तेव्हां केव्हां निघावयाचें, तें घरांतून ठरेल.